भाता बंद ठेवायचा आणि वर म्हणायचं श्वास नाही

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही गणपतीतल्या ऑर्केस्ट्रांवर चांगलं अर्धं पान छापलंत. वाचून बरं वाटलं, कारण अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांचे, फोटो सगळेच छापतात पण इंदूरच्या मराठी मंडळांच्या मंडपात दहा दिवस स्टेजवर जो घाम गाळतो त्याला कोण विचारतंय. पण त्या लेखात शेवटी शेवटी जे आलंय ना, की हल्लीच्या डिजिटल अकॉर्डियनला श्वास नसतो, भाता आपला शोभेपुरता, त्याच्यावर मला थोडं बोलायचंय. भांडायचं नाहीये, एकाहत्तर वर्षांचा झालो, भांडायला आता दम पण नाही. फक्त त्या लेखाबरोबर तुम्हीच छापलेला फोटो परत काढून बघा, जमलं तर भिंग घेऊन बघा.

अकॉर्डियन छातीवर अडकवून मधला भाता हाताने उघडत-मिटत वाजवतात, त्या भात्याला वर आणि खाली एकेक छोटा चामड्याचा पट्टा असतो, टिचबटनाचा. वाजवून झालं की तो लावायचा म्हणजे खोक्यात ठेवताना भाता फसकन उघडत नाही. तुमच्या फोटोत तो मुलगा वाजवतोय, बोटं पट्ट्यांवर आहेत, डोळे मिटलेत, मान एका बाजूला कललीये, एकदम रंगात आलाय, आणि वरचा पट्टा टिचबटनासकट लागलेला आहे! खऱ्या अकॉर्डियनवर असं केलंत तर एक सूर धड निघणार नाही. डिजिटलवर निघतो, पण कधी, तर मेन्यूत जाऊन भाता बंद करून ठेवला असेल तेव्हाच. बेलोज कर्व्ह नावाची एक सेटिंग असते, तिच्यात फिक्स्ड म्हणून ऑप्शन असतो, तो लावला की भाता हलवा नाहीतर हलवू नका, पट्टी दाबली की एकाच जोराचा आवाज, कॅसिओसारखा. आता एखाद्याचं नाक चिमट्याने बंद करायचं आणि मग गावभर सांगायचं की याला मोगऱ्याचा वास कळत नाही, असं झालं हे.

मुलाला मी दोष देत नाहीये. मी स्वतः हेच केलेलं आहे म्हणून तर फोटो बघताक्षणी कळलं.

माझा जुना अकॉर्डियन इटालियन, १२० बासचा, म्हणजे डाव्या हाताला १२० बटणं, वजन अकरा किलो. महूला एक फौजी बँडमधून रिटायर झालेले सर होते त्यांच्याकडे शिकलो, बँकेतली नोकरी सांभाळून लग्नं, गणपती, कॉलेजची गॅदरिंगं, सगळीकडे तो छातीवर वागवला. मग डावा खांदा आखडला. आता अकॉर्डियनमध्ये भाता ओढायचं सगळं काम डाव्या हाताचं, त्यामुळे तिथेच संपलं सगळं. शिवाय पावसाळा आला की आतल्या चामड्याच्या पातळ झडपा वाकड्या व्हायच्या, एखादा सूर फरफरायला लागायचा, आणि ते बसवून देणारा माणूस मला तरी आता इंदुरात सापडत नाही. मुलाने ऑनलाइन शोधून एक सेकंडहँड डिजिटल घेऊन दिला, ३७ पट्ट्यांचा, १२० बास, तो पण आठ किलोच्या आसपास आहे बरं का, कोणाला वाटत असेल की प्लास्टिकचं खेळणं आहे तर तसं नाही. विकणाऱ्याने डेमो दिला तो फिक्स्डवर. बघा काका, भाता ओढायची गरजच नाही, खांद्याला काही त्रास नाही. मला वाटलं वा, खांदा सुटला.

तीन वर्षांपूर्वी आमच्याच मंडळाच्या गणपतीत पहिल्यांदा तो घेऊन बसलो. भाता मी सवयीने उघडत-मिटत होतो पण आवाज आपला एकसारखा, जोर लावा तेवढाच, सोडा तेवढाच. गाणाऱ्या वहिनी अंतऱ्यात हळू झाल्या तर मी त्यांच्या डोक्यावर बसल्यासारखा, त्या वर गेल्या तर मी खालीच. दुसरं गाणं संपलं तेव्हा पहिल्या रांगेतला एक पोरगा, हातात पोह्याची पुडी, उठून स्टेजशी आला आणि मोठ्याने विचारतो, "दादाजी, रिकॉर्डिंग चला रहे हो क्या?" अख्खा मंडप हसला. घरी आल्यावर बायको इतकंच म्हणाली, "आज वाजवत होतात की इस्त्री करत होतात?" आणि खरं सांगतो तिचा शब्द बरोबर होता, सगळ्या सुरांना इस्त्री मारलेली, एक चुणी नाही.

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून मॅन्युअल घेऊन बसलो, इंग्रजी, अक्षर मुंगीएवढं, नातीकडून वाचून घेतलं. आणि जे कळलं ते तुमच्या वाचकांतल्या पेटीवाल्यांना, म्हणजे हार्मोनियमवाल्यांना, सांगतो, कारण आपल्याकडे अकॉर्डियनला हात लावणारे बहुतेक जण पेटीवरूनच आलेले असतात आणि गडबड तिथूनच सुरू होते.

पेटीत काय आहे, बाहेरचा भाता आपण हाताने मारतो पण ती हवा आधी आतल्या दुसऱ्या भात्यात जाते, त्याला स्प्रिंगा असतात, तो हवा साठवतो आणि बऱ्यापैकी एकसारख्या दाबाने रीडला, म्हणजे हवेने थरथरून सूर काढणाऱ्या धातूच्या पातळ पातीला, देतो. म्हणून तुम्ही हात मध्येच थांबवला, पान खाल्लं, नाक खाजवलं तरी सूर चालू राहतो. अकॉर्डियनमध्ये असं मधलं कोठार नाही. हाताचा जोर थेट रीडवर. हात थरथरला तर सूर थरथरतो, हात दमला तर सूर दमतो. गुडी सीरवाई, केर्सी लॉर्ड, आपल्या पुण्याचे एनॉक डॅनियल्स या सिनेमाच्या गाण्यांत वाजवणाऱ्या लोकांचा अकॉर्डियन ऐकताना वाटतं ना की माणूस गातोय, तो डाव्या हाताचा खेळ आहे, उजव्या हाताची बोटं तर काय कीबोर्डवाल्याची पण पळतात. तर पेटीवाला अकॉर्डियनवर आला की त्याला हा थेट जोर नकोसा होतो, त्याला फिक्स्ड आवडतं कारण ते पेटीसारखं वाटतं. त्याचं चुकतं असं नाही, पण मग अकॉर्डियन कशाला, पेटीच घ्या की, स्वस्त पडते.

डिजिटलमध्ये रीड नसतातच. रोलँड कंपनीने २००४ मध्ये व्ही-अकॉर्डियन नावाचा डिजिटल अकॉर्डियन आणला तेव्हापासून साधारण असंच चालत आलंय की भात्याच्या आत दाब मोजणारा सेन्सर, तो बघतो की तुम्ही किती जोराने ओढताय किंवा दाबताय, आणि त्याप्रमाणे आवाज लहानमोठा आणि थोडा गोल किंवा धारदार करतो. आता तुमच्या किती जोराला किती आवाज द्यायचा हा जो हिशोब, तो म्हणजे कर्व्ह. माझ्या मशीनमध्ये फिक्स्डचे तीन प्रकार आहेत आणि मग लाईट, स्टँडर्ड, हेवी असं. लाईट म्हणजे फुंकर मारल्यासारखं ओढलं तरी भरपूर आवाज. हेवी म्हणजे घाम काढेल, पण हळू ते जोरात याच्यामधे जागा खूप मिळते. मी जुना अकरा किलोवाला, मर्दानी थाटात हेवीवर लावलं, दोन दिवसात खांदा परत धरला. मग लाईटवर गेलो तर आवाज सारखा उडायला लागला, शिंक आली तरी फोर्टे, म्हणजे जोरात. शेवटी स्टँडर्डवर आलो, पण नुसता कर्व्ह बदलून भागत नाही हे कळायला मला आणखी महिना लागला.

कारण हवा जायला पण जागा लागते. खऱ्या अकॉर्डियनमध्ये हवा रीडमधून जाते, म्हणून एक पट्टी दाबली तर भाता हळूहळू सरकतो आणि उजवीकडे तीन पट्ट्या, डावीकडे बास आणि कॉर्ड असं सगळं दाबलं तर हवा भसाभस संपते, भाता पळायला लागतो. डिजिटलमध्ये रीडच नाहीत तर हवा जाणार कुठे, तो दगडासारखा अडून बसेल, म्हणून त्याला हवा सोडणारं एक भोक ठेवलेलं असतं आणि ते कमी-जास्त उघडायला डाव्या बाजूला एक छोटी चाकी असते. ती चाकी कोणी फिरवतच नाही! फोटोतल्या मुलाला विचारा, त्याला माहीतही नसेल, मला सुद्धा वाटायचं की स्क्रू आहे, हात लावू नये. ती जास्त उघडली की भाता हलका सरकतो पण पुरेसा दाब बनत नाही, मग आवाज मिळवायला तुम्ही वेड लागल्यासारखे ओढत सुटता आणि ओळ संपायच्या आधी भाता संपतो. अगदी बंद केली तर इंचभर हलवून पूर्ण आवाज मिळतो पण हाताला भिंत ढकलल्यासारखं होतं. माझ्या दुखऱ्या खांद्याला चाकी अर्ध्याच्या जरा आत आणि कर्व्ह स्टँडर्ड, अशी जोडी जमली. तुमच्या हाताला दुसरी जमेल.

एक मात्र आहे, आणि ते कबूल करतो, की साध्या डिजिटलमध्ये एक पट्टी दाबा नाहीतर दहा दाबा, हवा त्याच वेगाने जाते. खऱ्यावर वाजवलेल्या हाताला हे पटकन खटकतं. २०१३ च्या एफआर-८एक्स मध्ये रोलँडने भात्याचा अडथळा सुरांप्रमाणे आपोआप बदलायची सोय केली, पण ते मॉडेल आमच्यासारख्या पेन्शनवाल्याने दुकानाच्या काचेतूनच बघायचं. दुसरी एक गोष्ट म्हणजे खऱ्या रीडवर फार जोर दिला तर सूर किंचित उतरतो, त्याच्यात एक कळवळा असतो, तो माझ्या मशीनमधून काही येत नाही. लेखकाने हे लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

आता सेटिंग जमली की नाही हे कळायचं कसं, तर मी एक करतो. मधल्या सप्तकातली एकच पट्टी दाबायची, भाता पूर्ण मिटलेला, आणि मनात एक ते दहा मोजत सारखा जोर वाढवत भाता उघडायचा. कान दोन जागी ठेवायचे, आवाज कोणत्या आकड्याला सुरू झाला आणि कोणत्या आकड्याला वाढायचा थांबला. एक-दोनला सुरू होऊन आठ-नऊपर्यंत वाढत गेला तर झकास. चारलाच सगळं भरून गेलं तर कर्व्ह तुमच्या हाताला फार हलका आहे, पुढचा तुमचा सगळा जोर फुकट. पाचपर्यंत काहीच नाही तर जड आहे. हे करताना खोलीत पंखा बंद ठेवा, हळू आवाज पंख्यात बुडतो आणि मग माणूस उगाच लाईटकडे जातो. आमच्याकडे मी हे सकाळी करतो तेव्हा ही स्वयंपाकघरातून पोहे परतता परतता सांगते, आत्ता आला, आत्ता थांबला. कढईच्या आवाजातून तिला जो सूर ऐकू येतो तो मंडपात शेवटच्या रांगेत जातो, हा माझा हिशोब आहे, आजवर चुकला नाही.

मग भाता पलटून बघायचा. उघडणं संपवून मिटायला सुरुवात करताना दाब मध्ये एक क्षण शून्य होतो, तिथे सुराला भोक पडतं. खऱ्यावर पण पडतं, तिथे तर रीडच बदलते, प्रत्येक सुराला उघडतानाची वेगळी आणि मिटतानाची वेगळी. पण डिजिटलवर कर्व्ह जड असला की ते भोक मोठं होतं कारण हळू दाबाला तो आवाजच देत नाही. लोकांना वाटतं मशीन अडकलं. आणि हातात बघा, डाव्या हाताचा पट्टा ढिला असला तर पलटताना मनगट आधी पट्ट्यात अर्धा इंच सरकतं आणि मग भाता हलतो, तेवढा वेळ सूर गायब. मी आठ दिवस मेन्यूत बोटं घालत होतो, लाईट कर, स्टँडर्ड कर, परत लाईट कर, आणि शेवटी दुखणं निघालं पट्ट्यात! पट्ट्याची वेगळी चाकी असते, ती फिरवून पट्टा दोन आटे आवळला, भोक निम्म्यावर आलं. महूच्या सरांनी चाळीस वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी सांगितलेली गोष्ट, हात आणि लाकडाच्या मध्ये पोस्टकार्ड जाता कामा नये. त्यांच्या लेखी डिजिटल काय आणि फिजिटल काय.

पेटीवाल्यांसाठी अजून एक, तुम्ही पट्टी जोरात आपटता (आपटताच, मला माहितीये) आणि डिजिटलच्या पट्ट्यांना कीबोर्डसारखा टच पण असू शकतो. अकॉर्डियनच्या आवाजाला तो बंदच ठेवा. नाहीतर भाता एक सांगतो, बोट दुसरं सांगतं आणि तुम्हाला कळत नाही ऐकायचं कोणाचं.

नात कॉलेजात आहे, तिने एकदा हौसेने माझा अकॉर्डियन केबलने लॅपटॉपला जोडला, म्हणे आजोबा व्हायोलिनचा आवाज काढू. निघाला, पण भाता गप्प. मग तिनेच शोधलं, भाता जो निरोप पाठवतो तो मिडीमधला, म्हणजे वाद्य आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या भाषेतला, ११ नंबर, एक्स्प्रेशन, ० ते १२७ मधला आकडा, आणि तिच्या प्रोग्राममध्ये तो आवाज फक्त ७ नंबरच्या व्हॉल्यूमचं ऐकत होता. अकरा लावला आणि व्हायोलिन माझ्या हाताने रडायला लागलं. स्क्रीनवर ते आकडे पळताना दिसतात, ४०, ५२, ६८, ९०, आणि तिथे मला पहिल्यांदा डोळ्याने दिसलं की मी मिटताना उघडण्यापेक्षा कमी जोर लावतो, नेहमी, जन्मभर. उघडताना शंभरच्या वर आणि मिटताना ऐंशीला घसरलो. खांद्याचं कारण असेल किंवा आळस. कोणी सांगितलं नव्हतं, सरांनी पण नाही.

आणि आता मुख्य गुन्हेगार, साऊंडवाला. मी नाव घेत नाही, चांगला पोरगा आहे, कोणाकडे पण असाच असतो. हे सगळं जमवून मी पुढच्या वर्षी स्टेजवर गेलो, मुखडा हळू घेतला, अंतऱ्यात उचलला, तो मागून ओरडतो, "भिया, लेवल एक सा रखो ना, ऊपर-नीचे हो रहा है!" मी म्हटलं अरे बाबा, वर-खाली व्हायला तर महिनाभर मरमर केली. त्याने काय केलं, माझ्या चॅनलवर कॉम्प्रेसर लावला, तो हळू आवाज वर उचलतो आणि मोठा दाबतो, परत इस्त्री! म्हणजे मी मशीनमधून काढलेलं फिक्स्ड त्याने मिक्सरमधून परत घातलं. मध्यंतरात मी त्याला चहा पाजला, खुर्चीवर बसवलं आणि अकॉर्डियन त्याच्या गळ्यात घातला. ओढ म्हटलं. हळू ओढ. आता जोरात. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, "अरे, ये तो साँस ले रिया है!" गेला आणि स्वतः कॉम्प्रेसर काढला. दुसऱ्या भागात वहिनींनी मागे वळून बघितलं, की आज काय झालंय यांना.

तेव्हा माझी तक्रार मंडळांकडे आहे, तुमच्याकडे नाही. साऊंड चेकला ढोलक, पॅड आणि गाणाऱ्यांचे माइक यातच सगळा वेळ जातो आणि अकॉर्डियनवाल्याला म्हणतात, तुमचं काय, पिन लावा झालं. पंधरा मिनिटं द्या त्याला. मंडपात, त्याच स्पीकरवर, त्याच गर्दीत चाकी आणि कर्व्ह बघू द्या, घरी खोलीत जमलेली सेटिंग कनातीत चालत नाही, तिथे हळू सूर कापड पिऊन टाकतं आणि वरून बाजूच्या गल्लीतला डीजे.

आणि तुमच्या लेखकांना एवढंच सांगा की वाद्यात जीव नाही हे वाक्य जपून लिहा. पेटीबद्दल हेच म्हणत होते, हिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, ही आपली नाही, आणि १९४० मध्ये रेडिओवरून तिला हाकलली, ती बंदी १९७१ मध्ये कुठे सैल झाली. ज्या पेटीवर गोविंदराव टेंबे वाजवून गेले ती पेटी! आज त्याच पेटीशिवाय आपल्या घरात भजन होत नाही. अकॉर्डियन तर १८२९ मध्ये व्हिएन्नात पेटंट झालेलं वाद्य, त्याला आपल्याकडे मुळात पाहुण्यासारखंच वागवलं, आता त्याच्या नातवाला घरात पण घेत नाही.

पत्र लांबलं, कापलंत तरी चालेल, फक्त टिचबटनाचं कापू नका. आणि फोटोतल्या त्या मुलाचा पत्ता तुमच्या ऑफिसात असेल तर त्याला माझा निरोप द्या. मी रामबागेत असतो, पत्ता पाकिटावर आहे. संध्याकाळी पाचनंतर कधीही ये म्हणावं, गुरुवार सोडून, गुरुवारी भजन असतं. हाताचा पट्टा आवळून देईन, चाकी कुठे आहे ते दाखवीन, पोहे-जिलबी आमच्याकडून. येताना अकॉर्डियन घेऊन ये म्हणावं, आणि चार्जर पण, माझा त्याला लागेलच असं नाही.

आपला,
एक जुना वाचक
रामबाग, इंदूर